अर्धा ज्यूल

४ मार्च, सोमवार

सात! सकाळी खुराड्याचं दार उघडायला गेले, तर फळी खालून उकरलेली. सात जणी मेलेल्या, आणि खाल्लेली फक्त एक. बाकी सहांची मुंडकी तेवढी तोडून कोल्हेबुवा निघून गेले. भुकेने मारणारा एक वेळ समजतो. हा हौसेने मारतो.

पिसं वहिनीने गोळा केली. रक्तावर राख टाकली. दादा गमबूट चढवून दारात उभा, दोन्ही हात कमरेवर, समोर चाळीस पोरं रांगेत असल्यासारखा. "आणखी एक मेली ना, तर उरलेल्या सगळ्या खाटकाकडे! माझ्या घरात कत्तलखाना चालायचा नाही." कत्तल नको म्हणून खाटकाकडे! कवायतीच्या निवृत्त मास्तरांनाच सुचावं.

उरल्या एकतीस. एकतीस पुरतील. ओढ्यापलीकडच्या म्हातारीच्या दोन खोल्या एक एप्रिलपासून मिळतायत, मागे मोकळी जागा. "कोंबड्या चालतील, पुरुष चालायचा नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, आम्ही दोघीच. मी आणि माझी वहिनी.

वहिनीला सांगून झालंय. दादाला अर्थातच नाही. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं भिंतीपलीकडून तिचा मार ऐकतेय. आता पुरे. अंडी आहेत तोवर आम्ही दोघी आहोत. अंडी गेली की संपलं.

५ मार्च, मंगळवार

दादाने गुन्हेगार पकडला. म्हणजे गल्लीतला तो तपकिरी कुत्रा, जो रक्ताच्या वासाने कुंपणाशी आला होता. फावड्याने. पहिल्या फटक्यात मागचे पाय गेले. तिसऱ्याला आवाज बंद झाला. चौथा आणि पाचवा कोणासाठी होता?

फावडं धुतलं वहिनीने. नळाखाली धरून, नखाने खरवडून.

"पाचवर थांबले आज," म्हणाली. हवा आज बरी आहे, असं सांगावं तसं.

७ मार्च, गुरुवार

पहाटे आणखी एक. कुत्रा निर्दोष होता. कळवायचं कुणाला?

दादा उठायच्या आत लिंबाखाली पुरली. मोजायचं काम तो वहिनीकडून करून घेतो. आतून ओरडला, "किती?" वहिनी तिसांकडे बघत म्हणाली, "एकतीस." आवाज जरासुद्धा हलला नाही. लग्नाच्या सव्वीस वर्षांचा सराव!

९ मार्च, शनिवार

शेतीच्या अवजारांच्या दुकानात गेले. झटका मशीन बघायला. जाळीत वीज सोडतात ते. गल्ल्यावर एक बाई, करवतीसारख्या आवाजाची.

समोर तीन मशीनं. एक बॅटरीवरचं, डब्याएवढं. दुसरं मधलं, विजेवर चालणारं, अर्ध्या ज्यूलचं. तिसरं सहा ज्यूलचं, त्याच्या खोक्यावर पिसाळलेल्या बैलाचं चित्र.

"जाळी किती?" बाईने विचारलं.

"पन्नास मीटर."

"आडव्या तारा?"

"बारा."

"मग पन्नास कुठली? सहाशे मीटर तार झाली ती! हे छोटं दमून जाईल. त्यात खाली गवत टेकलं की गवतच वीज पितं. एका पात्याने काही होत नाही, हजार पात्यांनी मशीन आडवं होतं."

"यावर तर लिहिलंय, पाच किलोमीटर."

"लिहिलंय की. एक सरळ तार, कोरडी हवा, गवताचं पातं नाही. म्हणजे खोक्यावरच!"

बाई मला आवडली.

मग मी मोठ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, हेच द्या, मारायचंय मला त्याला. तिने चष्म्यावरून बघितलं. "मारायचं असेल तर बंदूक घ्या. हे मारायला नसतं. सेकंदाला एक टोला, मग सोडायचं. मधल्या वेळात जनावराला पळता आलं पाहिजे. सलग वीज सोडली की ते चिकटतं आणि मरतं. मेलेला कोल्हा काय शिकणार? दुसरा येतो त्याच्या जागी."

तरी मी त्या बैलासमोर दहा मिनिटं उभी होते. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला तेच हवं होतं. तो चिकटलेला बघायचा होता.

शेवटी मधलं घेतलं. अर्ध्या ज्यूलचं. बरोबर अर्थिंगची मीटरभर सळई आणि पाच दिव्यांचा टेस्टर. घरी येऊन वहिनीला सगळं समजावलं. टोला, मग मधली वेळ, मग टोला.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं मशीन आहे," मी म्हटलं. "मधली वेळ तरी देतं."

वहिनी चष्मा सावरून तांदूळ निवडत होती. "हेही देतात की. दाढी करताना."

१० मार्च, रविवार

जाळी उभी केली. खालचं गवत वहिनीने विळ्याने साफ केलं, सळई मी ठोकली. टेस्टरचे पाचही दिवे लागले. टिक... टिक... काय गोड आवाज!

दादा आला. गमबुटात. जाळी मुठीत धरली आणि धरूनच ठेवली. "गुदगुल्यासुद्धा होत नाहीत! फसवलं तुला त्या बाईने."

रबरी तळव्यातून वीज जमिनीत उतरत नाही. पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला कोणी सांगायचं? मी तर नाही. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात हसत होते.

१२ मार्च, मंगळवार

दुपारी बघते तर दादा मेनच्या डब्यापासून जाळीपर्यंत तार ओढतोय. "सरळ मेनमधून सोडतो. बघू कोण जिवंत राहतं."

खुराड्यात दिवसातून चार वेळा हात घालते ती वहिनी. तोही ओल्या हाताने. म्हणून बोलावं लागलं.

"दादा, एकदा बूट काढून धर."

"त्याने काय होतंय?"

"काही नाही. गुदगुल्याच होत नाहीत ना?"

काढले. ओल्या गवतावर अनवाणी उभा राहिला आणि भरल्या मुठीने धरली जाळी. टिक! एवढा सहा फुटी माणूस, तोंडातून बकरीसारखा आवाज काढून बसला बुडावर. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलेलं नाही!

नळाशी वहिनी बादली भरत होती. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू म्हणता येणार नाही इतका छोटा. तो उठला. मशीनकडे गेला नाही, माझ्याकडे आला नाही. सरळ तिच्याकडे गेला. दोन. बादली उपडी, ती बादलीवर. ओठ फाटला. "दादा!" मी ओरडले, पण दुसऱ्यानंतर.

विनोद माझा, गाल तिचा.

संध्याकाळी भिजलेला कापूस ओठाला लावून म्हणाली, "तुम्ही बोललात म्हणून तार काढली ह्यांनी. बरोबरच केलंत, वन्सं." मला तिच्याकडे बघवेना. पण खरं सांगू? तो बुडावर बसलेला दादा आठवला की अजून हसू येतं. झोपतानाही आलं.

१३ मार्च, बुधवार

बूट पुन्हा चढवले आहेत. जाळीपासून दहा हात लांबून चालतो.

१७ मार्च, रविवार

आला! फटफटताना मी आणि वहिनी मागच्या खिडकीत उभ्या होतो. कोल्हा. अंगाने बारीक, एक कान फाटका. नाक पुढे करून जाळी हुंगायला गेला. ओलं नाक, त्याहून चांगली जागा नाही! टिक. किंचाळला तो, माणसाच्या पोरासारखा. हवेत उडाला, कुशीवर पडला आणि कळायच्या आत पुन्हा जाळीलाच धडकला. पुन्हा टिक! मग शेपूट पोटाखाली घालून जो सुटला!

मी टाळ्या वाजवल्या. "अजून एक हवा होता," म्हटलं. "मोठं मशीन असतं तर तिथेच पडला असता."

वहिनी हसली नाही. माझ्याकडेच बघत होती. कोल्ह्याकडे नाही.

२० मार्च, बुधवार

रोज पाच दिवे. एकही मेली नाही. घाबरून ज्यांनी अंडी बंद केली होती त्या पुन्हा घालायला लागल्या.

२४ मार्च, रविवार

म्हातारीकडे दोघी जाऊन आलो. दादाला सांगितलं, कोंबडीचं खाद्य आणायला. वहिनीने दोन्ही खोल्यांच्या कड्या लावून बघितल्या. आतून. तीन वेळा. मग मागच्या जागेत उभी राहून विचारलं, "इथं जाळी नाही लावली तर चालेल?"

"आणि कोल्हा?"

"हो. तेही आहेच."

म्हातारीने चहा दिला. वहिनीने पूर्ण कप बसून प्यायला. सव्वीस वर्षांत तिला बसून चहा पिताना मी पहिल्यांदाच बघितलं.

२८ मार्च, गुरुवार

तिची पिशवी माझ्या पलंगाखाली आहे. दोन साड्या, पदवीचा कागद, आईचा फोटो. चार दिवस!

३० मार्च, शनिवार

चौदा.

सकाळी मी बाजारात होते. परत आले तेव्हा मशीन मुकं. बटण बंद. जाळीच्या आत नुसती पिसं, आणि एक जण बिनमुंडक्याची अजून चालत होती. खोटं नाही, चार पावलं चालली.

वहिनी मधोमध उभी. "बेडूक अडकला होता खालच्या तारेत," म्हणाली. "दर टिकटिकीला उडायचा. मरेना, सुटेना. बघवलं नाही, वन्सं. बंद केलं, सोडवला. तेवढ्यात ह्यांनी चहासाठी हाक मारली, मी धावले..."

बेडूक! चौदा कोंबड्या, दोन खोल्या, एक एप्रिल आणि बेडूक!

मी हात उचलला. माझा हात हवेत असतानाच तिने चष्मा काढून मुठीत घेतला. घाई नाही, दचकणं नाही. चष्मा फुटू नये म्हणून. इतकी सवय.

ते बघितलं. बघूनही हात थांबला नाही. हे लिहायलाच हवं. थांबवता आला असता. मधे वेळ होती.

आवाज भिंतीपलीकडून यायचा तसाच आला. हुबेहूब.

"चुकलं माझं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. हेही तसंच.

मागच्या दारात दादा उभा होता, कप घेऊन. "बरं झालं," म्हणाला. "कोणीतरी शिकवायलाच हवं होतं." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून प्रेमाने हसला.

३१ मार्च, रविवार

उरलेल्या सोळा खाटकाने नेल्या. पाय बांधताना वहिनीनेच मदत केली. मला म्हणाली, "तुम्ही बसा, वन्सं."

सोळा वेळा माफी मागितली असेन मी. "असू दे," म्हणते. प्रत्येक वेळी चष्म्याला हात लावते.

१ एप्रिल, सोमवार

म्हातारीची किल्ली आणली. म्हटलं, कोंबड्या नसल्या तरी मी कुठेही राबेन, चल. तिने पलंगाखालची पिशवी ओढली आणि साड्या एकेक करून त्या दोघांच्या कपाटात परत ठेवल्या.

"तुम्ही जा, वन्सं," म्हणाली. "ह्यांचा हात ओळखीचा तरी आहे."