शुद्ध फंक्शन आणि दवाखान्याचा फॉर्म

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
आजपासून हॅस्केल, प्रोग्रामिंगची नवी भाषा. बारा वर्षं वेबसाइटी ठिगळं लावून चालवल्या, पुरे. अख्ख्या कंपाला शहरात ही भाषा येणारे असतील चार. मी पाचवा. दोन महिन्यांत कामाचा वेग तिप्पट, असं ऑफिसात मुगेर्वासाहेबांना सांगितलं. म्हणाले, "होऊ दे. पण आधी बाळंतपणाच्या दवाखान्याचा अपॉइंटमेंट फॉर्म दे." देतो की. हॅस्केलमध्येच देतो.

४ फेब्रुवारी
वाचन. डुलकी.

११ फेब्रुवारी
पूर्वी दिवसाला दोनशे ओळी लिहायचो. आज तीन. कमी ओळींत जास्त अर्थ, म्हणजे प्रगती आहे. तिन्ही चालत नाहीत, तो भाग वेगळा.

१९ फेब्रुवारी
लाकेर, आमच्या टीममधली ज्युनिअर, फटकळ. म्हणाली, "सर, बटण दाबलं की काहीच होत नाही." तासभर फळ्यावर समजावलं. शुद्ध फंक्शन बाहेरचं काही बदलत नाही. मूळ यादीला हात लावायचा नाही, बदल करून नवी यादी द्यायची. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "पण बाईची नोंद तर व्हायला हवी ना?" पुस्तकात ते प्रकरण सातवं. मी तिसऱ्यात.
घरी बायकोला, नाम्पीमाला, हेच सांगितलं. मटोकेची कच्ची केळी सोलता सोलता म्हणाली, "काहीही न बदलणारा माणूस मी चौदा वर्षं सांभाळतेय. त्याला पुस्तक कशाला?"

२ मार्च
दवाखान्यातल्या सिस्टर इमॅक्युलेटचा फोन. दिवस भरत आलेल्या बायका सकाळपासून रांगेत उभ्या असतात. काल एक चक्कर येऊन पडली. "कधी देता ते एकदा सांगा हो." शुक्रवारी, म्हणालो. मग दिवसभर पुस्तक उघडलं नाही.

६ मार्च, शुक्रवार
चूक दाखवणारा मेसेज माझ्या फॉर्मपेक्षा लांब. डोकं दुखतं म्हणून लवकर निघालो.

९ मार्च
फॉर्म सुरू झाला. लाकेरने शनिवार-रविवारी साध्या जावास्क्रिप्टमध्ये केला. इतक्या लवकर कसा, साहेबांनी विचारलं. म्हणाली, "सरांनी फळ्यावर शिकवलेलं वापरलं. मूळ यादीला हातच लावला नाही, म्हणून चुका शोधत बसावं लागलं नाही." म्हणजे ही भाषा शिकून वेग वाढतो. तिचा.

१६ मार्च
लाकेर टीम लीड. साधा फोन असणाऱ्या बायकांचे फॉर्म मी फोनवर विचारून भरायचे. तात्पुरतं, म्हणाले साहेब. अकरा भरले. बाराव्या बाईने विचारलं, "डॉक्टर बोलताय का?" नाही म्हणालो. "मग कोण?"  फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारला, कितवा महिना?