पीटी सरांची चाल

३ फेब्रुवारी

हेब्बाळच्या ॲनिमेशन स्टुडिओची नोकरीची यादी लागली. आम्ही दोघीही आहोत तिच्यात. रूममेट सायली खोलीभर नाचली, मीही नाचले. मग ती आईला फोन करायला गच्चीत गेली आणि मी नुसतीच पलंगावर बसून राहिले. काम काय, तर दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांच्या रेषा स्वच्छ करायच्या. होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा.

मला फ्रीलान्स करायचंय. पहिल्या वर्षापासून सगळ्यांना सांगत सुटलेय. पण दाखवायला आहे काय? शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या फिल्ममध्ये, उडणारे मासे, उडणाऱ्या साड्या, उडणारं घर. सगळं उडतंच. आज कॉलेजात सर माझी डिप्लोमा फिल्म बघून म्हणाले, "केतकी, रेष सुंदर आहे तुझी. पण तुझ्या माणसांना वजनच नाही. जमिनीवर कुठे उभी आहेत ती?"

खरं आहे. म्हणून जास्त लागलं.

५ फेब्रुवारी

कशातच मन नाही. तीन चित्रं सुरू केली, तिन्ही टाकली. सकाळीच येलहंक्याच्या बाजारात उगाच फिरून आले, काही न घेता.

परत आले तर खाली अंगणात अण्णा चालत होते. अण्णा म्हणजे आमचे घरमालक; ते आणि त्यांच्या बायको शामलाक्का मूळ सीमाभागातले, कन्नड मिसळलेलं मराठी बोलतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांची डावी बाजू कमजोर आहे. रोज सकाळी चिकूच्या झाडाभोवती फेऱ्या घालतात, काठी घेऊन. शामलाक्का पायरीवर भाजी निवडत बसतात, बघत नसल्यासारखं करून बघत.

वर जाऊन खिडकीतून बघत राहिले. काठी पुढे. मग एक थांबा. मग उजवा पाय. मग डावा पाय खांद्यानेच ओढून आणल्यासारखा. पण हनुवटी वर. आणि थांबून काठी झाडाला टेकवली की उजवा हात पँटच्या शिवणीला चिकटलेला, सरळ.

पेन्सिल कधी हातात घेतली कळलंच नाही.

अक्कांनी वर बघितलं. "ऊटा आयता, केतकी?" जेवलीस का, हे त्या सकाळी आठलाही विचारतात. मी वही पाठीमागे घेतली. का घेतली?

९ फेब्रुवारी

रोज सकाळी खिडकीत. तो थांबा जमत नाही. पाऊल टाकण्याआधी अण्णा घाबरतात, असं मी काढत होते. तसं नाहीये. मग काय आहे?

बाबांचा फोन. स्टुडिओचं सायलीच्या आईकडून कळलं त्यांना.

"तू करून काय राहिली तिकडे? होकार दिला की नाही?"

"विचार करतेय."

"त्यात विचार काय करायचा बाप्पा! लोकं लायनीत उभी आहेत नोकरीसाठी."

मी म्हटलं, मला स्वतःचं काम करायचंय. ते म्हणाले, "स्वतःचं म्हणजे कोणाचं? गिऱ्हाईक तर पाहिजे नं कोणी."

फोन ठेवून पुन्हा खिडकीत बसले.

१२ फेब्रुवारी

झालं. चालणारा एक म्हातारा माणूस, काठी, एक झाड, बाकी कोरं. चेहरा अण्णांचा नाही, मुद्दाम वेगळा काढला. नाक मोठं, मिशी.

सायली ब्रश तोंडात धरून माझ्या मागे उभी राहिली. फेस गिळला बहुतेक. म्हणाली, "केतकी, हा पडेल गं आता." मग, "नाही पडत." पुन्हा लाव म्हणाली.

शोरीलमध्ये पहिलाच टाकला. इंटरनेटवरही चढवला. अण्णांना विचारायला हवं होतं का? चेहरा तर वेगळा आहे.

१५ फेब्रुवारी

लोक बघतायत. अनोळखी लोक. कॉलेजात सरांनी खांद्यावर थाप मारली, "आता उभा राहिला." दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत. आणि तरीही अण्णा दिसले की खिडकीतून मागे सरकते.

१६ फेब्रुवारी

गिऱ्हाईक!! पहिलं!

रोहित नावाचा माणूस, जाहिराती बनवतो. होसकोट्याच्या एका टाइल्स कारखान्याची जाहिरात आहे. म्हाताऱ्याची चाल त्याला फार आवडली. "वो वॉक ही चाहिए, बिल्कुल वही।" सगळं मीच करायचं, शेवटी माझं नाव येणार.

गोष्ट अशी: म्हातारा बाथरूममध्ये जातो, साध्या फरशीवर घसरून आपटतो, काठी उडते, मिशी लटलटते. मग नवी फरशी येते आणि तो ऐटीत चालतो. "गिरना फनी होना चाहिए। लोग हँसने चाहिए।"

मी "हो" म्हणाले. लगेच. विचार करून सांगते, असंसुद्धा म्हणाले नाही.

सायलीने मिठी मारली. बाबांना अजून कळवलं नाही.

१८ फेब्रुवारी

पडणं काढतेय. सोपं आहे. वजन आता कळलंय ना, त्यामुळे फारच सोपं. काठी सुटते, उजवा पाय वर, पाठ खाली. लूपमध्ये लावून बघितलं आणि हसू आलं मला. मोठ्याने हसले.

तेवढ्यात खालून काठीचा आवाज.

लॅपटॉप मिटला. दिवसभर उघडला नाही. सायली म्हणते, "हे कार्टून आहे, यार. कार्टूनमध्ये सगळेच पडतात." बरोबर आहे तिचं. मग मला का

२० फेब्रुवारी

अक्का वर आल्या. त्या कधीच वर येत नाहीत, गुडघे दुखतात. हातात मोबाइल.

"केतकी, हे तुझं की?"

माझा म्हातारा चालत होता. अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेला. खाली कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं. अक्कांनीच वाचून सांगितलं, "लिहितोय, अक्का, हे आमचे पीटी सर तर नव्हेत? आता असे चालतात काय?"

मला माहीतच नव्हतं, अण्णा पीटीचे मास्तर होते ते. तीस-पस्तीस वर्षं इथल्याच शाळेत. अर्धं येलहंका त्यांच्या शिट्टीवर चाललंय, असं अक्का म्हणाल्या. इतके महिने खाली-वर राहतोय आणि मी कधी विचारलंच नाही.

"अण्णांनी बघितलं?"

"बघितलं." अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या दारात उभ्या राहिल्या. "ते गेटाबाहेर का जात नाहीत, तुला ठाऊक नाही. पोरांनी असं बघू नये म्हणून. बाहेर कुणीतरी 'सर' म्हणून थांबतंय, मग हे असे चालताना दिसायचं. नको म्हणतात. आता तू घरोघरी दाखवलंस की गं."

मोठं नाक, मिशी. काय उपयोग झाला? चाल ओळखली त्याने.

२१ फेब्रुवारी

अंगण रिकामं.

व्हिडिओ काढून टाकला. पण लोकांनी आधीच एकमेकांना पाठवलाय. तो आता माझ्या हातात नाही.

२२ फेब्रुवारी

आजही नाहीत. अक्का एकट्याच पायरीवर.

रोहितचा मेसेज: पडण्याचं कधी पाठवतेस?

सायलीने स्टुडिओला होकार कळवला. "तूही कळव ना. रेषा स्वच्छ करू, डबा खाऊ, घरी येऊ. कुणाचं काही चोरायचं नाही." ती मस्करीत म्हणाली. चोरायचं हा शब्द दिवसभर डोक्यात.

२३ फेब्रुवारी

खाली गेले. अण्णा खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. बोलणं सावकाश, पण शब्द स्पष्ट आहेत.

"ये. कूत्को." बसले.

"अण्णा, चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"हम्म." काठी मांडीवर आडवी घेतली. मग, "कुठून बघत होतीस?"

"वरून. माझ्या खिडकीतून."

"म्हणून खांदा एवढा पडलेला दिसतोय. वरून तसंच दिसतंय." मला वाटलं, हसले. हसले नव्हते. "झटक्यानंतर मी स्वतःला चालताना बघितलंच नव्हतं. मनात मी सरळच चालतोय. परवा मोबाइलवर कळलं."

मी रडायला लागले. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "साकु, पुरे. रडणाऱ्या पोराला मी मैदानाबाहेर बसवायचो."

मग जाहिरातीचंही सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवूनच गेले होते. फरशी, घसरणं, लोकांनी हसणं, सगळं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"पडतो तो?"

"हो."

"मी पडलो नाही. एकदाही नाही. तू ते थांबणं काढलंयस ना, पाऊल टाकायच्या आधीचं? घाबरलेला वाटतोय तो. मी घाबरत नाही. मी स्वतःला ऑर्डर देतो. सावधान म्हणतो पायाला. तो उशिरा ऐकतो, एवढंच."

हे मला इतके दिवस बघून कळलं नव्हतं.

उद्या अंगणात याल का, विचारायचं होतं. विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवायचंय.

सकाळी भांडल्यासारखा आवाज आला म्हणून खाली डोकावले. अण्णा पायरीवर बसलेले. अक्का अंगणात, पदर खोचून. मला बघितल्यावर म्हणाल्या, "बा, ये इकडे. हे म्हणतायत, माझी खरी चाल ह्या पोरीला कोण दाखवणार? मी म्हटलं, मी दाखवते. चाळीस वर्षं ह्यांच्या मागून चाललेय, मला ठाऊक नाही?"

आणि अक्का चालायला लागल्या! छाती पुढे, हनुवटी वर, दुखऱ्या गुडघ्यांनी, चिकूच्या झाडाला वळसा घालून. उजवा हात साडीला चिकटवलेला. कोपऱ्यावर गर्रकन वळल्या आणि न दिसणाऱ्या पोरांकडे बघून तोंडाने शिट्टी. फुर्रर्र!

"अय्यो, नाही, नाही!" अण्णा ओरडले. "हात एवढा हलत नव्हता!"

"हलत होता. लग्नाच्या वरातीतसुद्धा हलत होता. माझी आई म्हणाली, जावई आहे की शिपाई?"

अण्णा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण पोट धरून. अक्का पुन्हा एक फेरी चालल्या, अजून ऐटीत. नंतर एकदम थांबल्या आणि चिकूच्या खोडाला धरून उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. पदराने तोंड पुसलं. अण्णांचं हसू हळूहळू ओसरलं.

मी पेन्सिलला हात लावला नव्हता. अण्णांनी मान न वळवताच विचारलं, "काढलंस?"

"नाही. काढू?"

"आता विचारतेस." मग, "दोन्ही काढ. ही दाखवतेय तो जुना मी, आणि आताचा मी. पण मला समोरून काढ, खिडकीतून नको."

मग काठी घेतली आणि उठले. मला हात देऊ दिला नाही. पाच दिवसांनी अंगणात. मी समोर मातीत बसले. समोरून ते वेगळेच दिसतात. डोळे दिसतात.

२६ फेब्रुवारी

रोहितला फोन. पडणं काढणार नाही म्हटलं. त्याऐवजी काय, ते सांगितलं: म्हातारा फरशीवर उभा राहतो, थांबतो, पायाला हुकूम देतो, पाय ऐकतो. एवढंच.

"इसमें हँसी कहाँ है?"

"हँसी नहीं है."

"केतकी, तू अभी स्टूडेंट है। पहला काम है। ऐसे नखरे…" मग तो जरा नरम झाला. अण्णांच्या मंजुरीशिवाय ती चाल वापरता येणार नाही, हेही मी सांगितलं. तो म्हणाला, वरच्यांना विचारतो. आवाजावरून वाटत नाही काही होईल असं.

हे मी काय केलं? रेखाटनं काढून पुन्हा पुन्हा बघतेय. चांगली आहेत. भीती वाटावी इतकी चांगली आहेत.

२७ फेब्रुवारी

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, स्टुडिओला नाही म्हणणार हेही.

"म्हणजे स्टुडिओही नाही आणि तो टाइलवालाही नाही."

"टाइलवाल्याचं अजून ठरलं नाही."

"काहून पण एवढा त्रास करून घेते स्वतःला…" मग म्हणाले, "मग ते सर? चालून राहिले का आता?"

हो म्हटलं.

"बरं." आणि फोन आईला दिला. हे हो आहे की नाही, मला कळलं नाही. आईलाही नाही.

२८ फेब्रुवारी

स्टुडिओला नकार कळवला. सायली कामाला लागण्याआधी केस कापून आलीय, आरशासमोर उभी होती. तिला सांगितलं. "वेडी आहेस," म्हणाली, आणि चित्रं काढायचा तिचा जुना टॅब्लेट माझ्या टेबलावर ठेवला. "मला आता तिथला मिळेल."

रोहितचं उत्तर नाही. दर थोड्या वेळाने फोन बघतेय. टेबल आवरलं, परत पसरलं. पोहे केले, खाल्ले नाहीत.

समोरून काढलेली अण्णांची चाल अर्धी झालीय. डावा पाय अजून जमत नाही. अक्कांची चाल काढायला घेतली, तर ती मात्र सरसर उतरतेय.

खाली काहीतरी चाललंय. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, पँटमध्ये खोचलाय. अक्का म्हणतायत, "स्वल्प थांबा, ऊन उतरू दे." ते थांबत नाहीयेत. चिकूच्या झाडाला वळसा न घालता सरळ गेटाकडे निघालेत.

गेटाशी उभे आहेत. कडीवर हात आहे. समोर रस्त्यावर शाळा सुटलीय, पोरांचा गलका.

वर बघून हाक मारली. "केतकी! वही घेऊन ये. नाहीतर राहू दे वही. तू ये."

कडी अजून काढलेली नाही. जाते.