उद्या तुमच्या दाताची पाळी

आप्पा,

तुम्ही आहात तिथे माझा नमस्कार पोचो.

उद्या तुमच्या दाताची पाळी आहे. मॅडमनी सकाळीच सांगितलं, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. बोलायला गेलो की मी अडखळतो, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून लिहितो आहे.

आठवतो ना तो दात? खालच्या जबड्यातला, डाव्या अंगाचा. भोकरदनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून पोती मोजण्यात तुमची हयात गेली आणि पोत्याची सुतळी तुम्ही कायम त्याच दाताने तोडलीत. विळा शेजारी पडलेला असायचा तरी! दाताला खाच पडली, पण सवय सुटली नाही.

हिरडी सुटून तो हलायला लागला, तेव्हा मी तुम्हाला दातांच्या कॉलेजात नेलं. बारावीसुद्धा न झालेला मी तिथल्या प्रयोगशाळेत नुसता मदतनीस, पण तुम्ही एसटीत शेजाऱ्याला काय सांगितलंत? "पोराच्या कॉलेजात चाललोय!" मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

दात निघाला. तिथेच पुढचं शिकणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काका, हा दात अभ्यासाला द्याल? याचं रूट कॅनल करू आणि मग मशीनखाली दाबून मोडू."

"मोडा की बाई," तोंडात कापूस धरून तुम्ही म्हणालात, "मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

परतीच्या एसटीत मात्र विचारलंत, "पर मोडून काय भेटतं रे?" मी सांगितलं, दाताच्या मुळात बारीक नळी असते, तिच्यात नस. ती सडली की डॉक्टर बारीक सुयांनी नळी आतून खरवडून साफ करतात आणि भरून टाकतात. कमी खरवडलं तर घाण राहते. फार खरवडलं तर भिंत पातळ होते, मूळ चिरतं. मग किती खरवडावं? मॅडमना तेच शोधायचं आहे. काही दातांची नळी अरुंद ठेवायची, काहींची रुंद करायची आणि कोणता दात किती सोसतो ते बघायचं.

"मंग माझी रूट कॅनलची दाढ तशीच फुटली म्हण की!"

"असं कसं म्हणता येईल? ती आधी किती किडली होती, आपल्याला कुठे माहीत?"

"तू वकील व्हायला पाह्यजे होता," तुम्ही म्हणालात. नंतर भोकरदन येईपर्यंत झोपलात.

आणि मग इतकी घाई कसली केलीत आप्पा? साधा ताप आहे म्हणालात. निदान दादाची वाट तरी बघायची! तो ट्रक घेऊन आसामात. उन्हाळ्याचे दिवस, भावकी थांबायला तयार नाही. थोरला तो असताना अग्नी मी दिला. राख मीच सावडली. दादा दहाव्याला पोचला, तोवर अस्थीही शहागडला गोदावरीत सोडून झाल्या होत्या. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नंतर कधीतरी माझ्याकडून दाताचा विषय निघाला.

"आप्पांचा दात अजून हाय? आन् तू तो मोडून राह्यला?" दादा ताटावरून उठला. "माघारी आण. शहागडला गंगेत सोडू. माणूस सबंध गेला पाह्यजे."

"सबंध कुठला, दादा? दोन दाढा तर आप्पांनीच उकिरड्यात टाकल्या होत्या."

"तवा ते जिवंत होते!"

तुमचा शब्द पाळायचा की दादाचं मन राखायचं? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "घेऊन जा. मी दुसरा दात घेईन." ठरवायचं पुन्हा माझ्यावरच आलं. तुम्हीच सांगा, मला असलं कधी जमलंय का?

शेवटी परवा मी दादालाच प्रयोगशाळेत नेलं. तुमचा दात मी ॲक्रिलिकच्या गुलाबी ठोकळ्यात उभा बसवला आहे. हाडात बसलेला दात किंचित हलतो, म्हणून मुळाभोवती रबराचा पातळ थरही दिला आहे. दादाने ठोकळा तळहातावर घेतला. अंगठ्याचं नख हळूच खाचेत घातलं.

"सुतळी," तो म्हणाला.

आणि स्टुलावर बसून मोठ्याने रडला, आप्पा. दहाव्यालाही रडला नव्हता. मला कुठे बघावं कळेना. मी स्वच्छ असलेलं टेबल पुसत राहिलो.

"त्यांनी सोताहून दिला?"

"हो. लोणच्याचं बोलले." मी सगळं सांगितलं. नाक पुसता पुसता त्याला हसू आलं.

"मंग आपण कोण माघारी घेणारे? मोडा बिलकुल." त्याने ठोकळा जपून टेबलावर ठेवला. "पर मोडल्यावर तुकड्यांचं काय करता?"

"दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जाळायला जातात."

"मला सावडायचं ऱ्हायलं रे, गण्या."

एवढंच म्हणाला. मी लगेच मॅडमकडे गेलो आणि न अडखळता बोललो! त्यांनी त्यांच्या मार्गदर्शक सरांना विचारलं. दात किती दाबाला मोडला तो आकडा लिहून झाला की तुकडे आमचे.

तर उद्या दादा येतो आहे. मशीनखाली मी पांढरं फडकं अंथरीन, बाजूनेही आडोसा करीन, म्हणजे कण उडून जाणार नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. एखादा तुकडा दादाच्या नजरेतून सुटतोय असं वाटून माझे हात शिवशिवतील. पण शब्द देतो आप्पा, मी चिमट्याला हात लावणार नाही. कितीही वेळ लागो, दादालाच वेचू देईन.

तुमचा धाकटा,
गणेश