बेटावर बाहेरची राणी नको

४ सप्टेंबर
नाही म्हणजे नाही! सभेत उभी राहून सांगितलं. पलीकडून आलेला तो हॅलोरन — नाक उन्हाने सोललेलं, बूट कोरे करकरीत — सगळ्यांशी गोड गोड बोलत होता. ऑस्ट्रेलियात त्या तांबड्या किड्यापायी मधमाश्यांच्या पेट्याच्या पेट्या मेल्यात. बदामाच्या बागा फुलतात, पण फुलांवर बसायला माश्या नाहीत. आमच्या नॉरफोक बेटावरच्या माश्यांना किडा नाही, रोग नाही, म्हणून आता त्याला आमच्या राण्या हव्यात. घे की बाबा! राण्या विकायला माझी कुठे ना आहे?

पण त्याची अट — आधी त्याच्या राण्या इथे आणायच्या, आमच्या माश्यांशी संकर करायचा. म्हणे त्यांची वीण मोठी! आणि त्यांच्याबरोबर काय काय येईल, ते कोण निस्तरणार? बाहेरची माशी बेटावर आणायला बंदी आहे. ती उठवायची तर इथल्या सगळ्या मधवाल्यांचा होकार लागतो. सगळ्यांनी दिला. मी सोडून.

७ सप्टेंबर
दुकानापर्यंत गाडी नेली. कुणीही हात केला नाही. समोरच्या गाडीला हात न करणारे इथे फक्त नवखे पाहुणे असतात. पुडिंग माझा सख्खा चुलतभाऊ (फोनच्या पुस्तकातही त्याचं हेच नाव आहे), तोसुद्धा नाकासमोर बघत गेला. मी मात्र प्रत्येकाला हात केला. चांगला खांद्यापासून, उंच! बसा चडफडत.

१२ सप्टेंबर
एल्विन आला! ब्रिस्बेनहून, सगळं सामान घेऊन. कायमचा राहीन म्हणतो — काम मिळालं तर. कुठलं काम? हॅलोरनचं. तरी म्हटलं लेकाला एवढी आईची आठवण कशी झाली!

"आई, तू हो म्हण ना. दुसरं काय आहे इथे? हॉटेलातल्या चादरी बदलू?"

"बदल की. मी बदलल्यात."

हसला. केळी किसून भाजलेलं पिल्ही दोनदा वाढून घेतलं. असा समोर बसून जेवताना त्याला किती दिवसांनी पाहिलं! पोरगं घरी यायला बघतंय आणि दारात मीच आडवी. फार वाईट वाटतं. तरी नाही.

१५ सप्टेंबर
स्वयंपाकघरामागची पेटी पार मरतुकडी झालीय. एल्विन म्हणाला, तिचं मी बघतो. बघ म्हटलं. हात लावतोय, तेवढंच बरं वाटलं.

२ ऑक्टोबर
वारा. जहाजाचा माल उतरलाच नाही. बटाटे संपले. हॅलोरनचा पुन्हा फोन. नाही!

२८ ऑक्टोबर
मागची पेटी उघडली. काय ही गर्दी! पोळ्याच्या फळीवर बोट टेकवायला जागा नाही. आणि ह्यांना संकर हवा म्हणे!

४ नोव्हेंबर
पुन्हा सभा. त्या पेटीतली एक फळी जाळीत घालून नेली आणि टेबलावर ठेवली.

"ही बघा वीण. इथली आहे, आपली! बाहेरची राणी हवीच कशाला?"

पुडिंग चष्मा लावून वाकला. "अगं, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलीय की!" मग सगळेच उठून आले. हॅलोरनने बघितली, पुन्हा बघितली आणि बॅग आवरायला लागला. एल्विन तेवढा जागेवरून उठला नाही.

एकेकाने होकार मागे घेतला. हॅलोरन उद्याच्या विमानाने जातोय. जिंकले! एल्विनच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. दुसरं काम शोधू म्हटलं. मान हलवली त्याने.

६ नोव्हेंबर
आज रस्त्यात हात करून करून दंड दुखला. सगळ्यांना त्या पेटीतली अंडी हवीत, राण्या वाढवायला. फळीवरच्या पोळ्याचे तुकडे कापून दिले. पुडिंगने निर्लज्जासारखे दोन नेले.

"नको ना वाटूस, आई," एल्विन म्हणाला.

"का रे?"

"आपल्याला कमी पडतील."

कंजूस मेला! अगदी बापावर गेलाय.

११ नोव्हेंबर
मागच्या पेटीतली राणी आज दिसली. पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका. इथे कुणीही राण्या रंगवत नाही. पलीकडे विकणारे रंगवतात.

एल्विनला हाक मारून दाखवली.

"येताना खिशातून आणली," म्हणाला. "तुझी पेटी मरत होती गं. मला वाटलं, बघशील आणि हो म्हणशील."

क्वारंटाइनच्या ऑफिसात फोन केला. बाहेरची राणी शिरलीय, किडाही आला असेल; आधी माझ्याकडे या म्हटलं, सगळ्या पेट्या मारा. मग पुडिंगकडे, मग बाकीच्यांकडे, सांगते कुणाकुणाकडे ते.

"आणली कुणी?" तिकडून विचारलं.

एल्विन समोरच उभा होता. मी नाव सांगितलं.