जामीनदाराची सही

कोपरखैरणे, जुलै १९९५, मंगळवार संध्याकाळ

शेजारचे पवारभाऊ मार्केटात गोणी उचलतात. त्यांच्या सुनंदाला इंजिनिअरिंगला सीट मिळाली, पण कर्जासाठी बँकेला पगारदार जामीन हवा होता. रविवारी ते फॉर्म घेऊन आले आणि मी चक्क खोटं बोलले, "आमच्या ऑफिसात जामीन राहू देत नाहीत." पगाराची स्लिप तेव्हा पर्समध्येच होती.

"असू द्या वैनी, तुमचा काय दोष?" उलट मलाच धीर दिला!

घाबरले कशाला मी? सुनंदा कर्ज बुडवणारी आहे का? माझ्या मिनूला दोन वर्षं फुकट गणित शिकवतेय.

आज फी भरायची मुदत संपली. स्लिप अजून पर्समध्येच आहे.

आत्ताच मिनू नाचत आली, "आई, ताई आता दुपारीपण शिकवणार. तिला कॉलेज नाहीये ना!"