रिकामं नाव

६ नोव्हेंबर २०१७
पोचले एकदाची. अच्छाड नाक्यावर रिक्षा सोडली, पुढं अर्धा तास पायपीट. पाडा मात्र झकास! शेणानं सारवलेली कुडाची सात घरं, दारात भाताच्या झोडणीचा पसारा. तालुक्याच्या पुस्तिकेसाठी ह्या पाड्याचा इतिहास लिहायचाय, पंधरा दिवसांचं काम. तोवर तुषार मसोलीत हातानं रांधतोय. नवऱ्याला तेवढीच अद्दल. रूपीबाई म्हणून एकटी म्हातारी आहे, तिच्याकडे उतरलेय. मी सुनिता म्हणून सांगितलं, तरी मला शुक्री म्हणते. मीही हसून ओ देते.

८ नोव्हेंबर
पाड्यातले जाणते लाहूबाबा. त्यांनी आज इतिहास सांगितला. पूर्वी तापाच्या साथीत निम्मी माणसं गेली. तेव्हा उरलेल्यांनी ठरवलं, मेलेल्याचं नाव रिकामं ठेवायचं नाही. बाहेरून येईल त्याला त्या नावानं हाक मारायची. त्यानं तीनदा ओ दिली की नाव त्याचं, घरही त्याचं. आसपासचे पाडे उठले, हा टिकला तो असा. शुक्री ही रूपीबाईंची सून, गेल्या साली वारली. मी तर दोन दिवसांत वीसदा ओ दिली असेल. चला, फुकटात घर मिळालं.

१२ नोव्हेंबर
तुषारचा फोन. सुनिता, सुनिता करत होता. मला वाटलं राँग नंबर. मग आवाज ओळखला आणि भीती वाटली. पण थोडीच, दुसऱ्या कुणाला वाटावी तशी. उद्या निघायचं.

१४ नोव्हेंबर
निघाले नाही. सकाळी फळीमागून मिठाचं मडकं काढलं. ते तिथं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रूपीबाईंनी — सासूबाईंनी — कालवणाचं भांडं माझ्यापुढं सरकवलं.

१७ नोव्हेंबर
फोन वाजतोय. कुणा सुनिताचा आहे.

१९ नोव्हेंबर
मसोलीहून माणूस आलाय. बायकोला न्यायला. माझा हात धरून रडला. मला काहीच वाटत नाही. पण माणूस भला आहे, त्यानं परत जावं.

लाहूबाबांनी अंगणातून चंदर म्हणून हाक मारली. चंदर माझा नवरा. मी मेले त्याच्या आदल्या साली वारला.

ह्या माणसानं भिडेखातर ओ दिली.

पुन्हा दिली.

अडवायला हवं — त्याच्या खऱ्या नावानं हाक मारून — ह्याच वहीत आहे ते, माझ्याच अक्षरात — नावं पुष्कळ आहेत. त्यातलं त्याचं कुठलं —