आधी शेजार, मग उंबरा

५ जून

पोहोचलो. चामोर्शीपासून एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याशी गप्पा सुरू झाल्या आणि आलापल्ली कधी आली ते कळलंच नाही. पुढे केंद्राची जीप, आणि मग नुसता साग. प्रशिक्षण केंद्र म्हणजे चार कौलारू खोल्या, एक वर्ग, एक लहानसा दवाखाना. रात्रीच्या जेवणात अंबाडीची भाजी होती. मी पुन्हा मागून घेतली, तशी स्वयंपाकीणबाई खूश झाल्या. कुठेही गेलं की आधी चूल आपलीशी करावी, हा माझा जुना नियम.

अभ्यासक्रम वर्षाचा. प्राथमिक आरोग्य सेवेचा, पदव्युत्तर. आम्ही सगळे आधी नोकऱ्या करून आलेले, कोणी डॉक्टर, कोणी नर्स. शेजारच्या बाकावर डॉ. दिव्यानी, नागपूरची. तिने पहिल्याच दिवशी मला धनराजभाऊ म्हटलं आणि सगळ्यांनी तेच उचललं. बरं वाटलं.

मी मजुराचा पोरगा. बाजारातल्या दवाखान्यात सुया उकळायचो आणि पडद्यामागून खोकले ऐकायचो. डॉक्टरांनी नाव विचारायच्या आत मला कळायचं, हा दम्याचा, हा क्षयाचा. त्या कानांच्या जोरावर नर्सिंग केलं, उपकेंद्राची खुर्ची मिळवली. ती सोडून इथे आलोय. इथून पास झालो तर भामरागडकडचं नवं केंद्र माझ्या हाताखाली. नाही झालो, तर परत जायला खुर्ची नाही.

९ जून

केंद्राचे प्रमुख गुणवंतराव यांचा पहिला तास. माणूस हळू बोलतो, पण मुद्द्याचं. अर्धे गुण लेखी परीक्षेला, अर्धे गावाला. प्रत्येकाने एका गावात पावसाळा काढायचा. शेवटी गाव झाडाखाली बसतं आणि सांगतं, हा माणूस आमचा, की पाहुणा. 'आमचा' म्हटलं तर पास. त्यावर अपील नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी फळ्यावर लिहिली: आधी शेजार, मग उंबरा, मग छाती. जीवावरचं दुखणं नसेल तर थेट छातीला नळी लावायची नाही. पहिल्यांदा शेजाऱ्याच्या घरी बसून त्या माणसाची चौकशी करायची: काय खातो, कसा झोपतो. दुसऱ्यांदा त्याच्या उंबऱ्यावर बसायचं, आत जायचं नाही. तिसऱ्यांदा हात लावायचा. दिव्यानीने सगळं लिहून घेतलं. मी मान डोलावली. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी ठीक आहे.

१६ जून

मला पेरमगुडा मिळालं. नाला ओलांडला की गाव. आत्ता घोट्याएवढं पाणी आहे. आषाढात वाट बंद होते म्हणतात. झिंगूभाऊंच्या अंगणातली खोली दिली. झिंगूभाऊ गावात मानाचे, दात थोडे, हसू भरपूर. त्यांची सून रुखमा गरोदर आहे, दिवस भरत आलेत.

खोलीत बाज आहे आणि भिंतीला एक खुंटी. गेल्या वर्षीचा प्रशिक्षणार्थी डॉ. प्रफुल्ल इथेच राहायचा. झिंगूभाऊंनी खुंटी दाखवली: प्रफुल्लभाऊ इथी पिशवी टांगे, तुमी बी टांगा. टांगली. चांगलं आहे, तयार खुंटी मिळाली.

२४ जून

तयार खुंटी मिळाली खरी, पण गावही तयार मिळालं आहे, आणि ते दुसऱ्याचं आहे.

ज्या घरी जावं तिथे प्रफुल्लभाऊ. प्रफुल्लभाऊ जमिनीवर बसे, तुमी खाट मांगता. प्रफुल्लभाऊले माडिया बोली येते. प्रफुल्लभाऊ आधी शेजाऱ्याकडे येऊन बसे. मी हसतो, आंबील पितो, पोरांना शिट्टी वाजवून दाखवतो. माझ्यावर कोणी नाराज नाही, तेच वाईट. पाहुण्यावर कोणी नाराज होत नाही.

आज पोचू म्हाताऱ्याचा खोकला मी अंगणातूनच ओळखला. नळी काढली, तर तो म्हणाला, काऊन ऐकता जी, परवा ऐकलं ना प्रफुल्लभाऊनं. म्हाताऱ्याला गेल्या वर्षीचं परवा वाटत असेल.

३० जून

म्हातारा चळला नव्हता.

प्रफुल्ल येतो. आत्ता, याच महिन्यात. दुपारी, मी दुसऱ्या टोल्यावर, पलीकडच्या वस्तीवर, गेलो की. चार घरांत विचारलं, चारही जण सहज सांगतात, जणू दूधवाला येतो. इथला पावसाळा काढून गेलेला माणूस माझ्या गावात माझ्या पाठीमागे कशाला येईल? नवं केंद्र त्यालाही हवं असेल, दुसरं काय.

आणि रुखमाचं. मी तिचं पोट तपासून सांगितलं होतं, डोकं खाली, सगळं ठीक. तीन दिवसांपूर्वी ती लाजत म्हणाली, प्रफुल्लभाऊ म्हणे बाळ आडवं हाये, नाला भराच्या आधी निंघ. मी म्हटलं, बाई, मी तपासलंय. तरी पुन्हा हात लावला. बाळ आडवं होतं. बाळ फिरतं, हे मलाही माहीत आहे. पण फिरल्यावर ते मला कळलं नाही, त्याला कळलं.

मी स्वतः खाटेची कावड करून तिला नाल्यापार नेलं, गाडीत बसवलं, दवाखान्यापर्यंत सोबत गेलो. खांद्यावर वळ उठले. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. गावात नाव झालं. त्याचं.

८ जुलै

बाजाराच्या दिवशी केंद्रावर गेलो, तक्रार करायला. गुणवंतरावांना नीट मांडून सांगितलं: शिकाऊ माणसाच्या गावात जुन्या माणसाने ढवळाढवळ करावी का, याचे गुण कोणाला जातात.

ते ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं की प्रफुल्ल हिवाळ्यातच गेला. मूल गावाच्या रस्त्यावर, मोटरसायकल आणि ट्रक. ते स्वतः जाळायला गेले होते. पेरमगुड्याला अजून कळवलेलं नाही, लोकांचा जीव होता त्याच्यावर. पावसाळा संपला की ते स्वतः येऊन सांगतील. तोवर मी काही बोलायचं नाही. गावाला भास होत असतील, म्हणाले, दुःखाला वेळ लागतो. मी म्हटलं, त्यांना दुःख कुठलं, त्यांना तर माहीतच नाही. 

परतताना जीपमध्ये भीती वाटली. पण रोजनिशीत खोटं कशाला लिहू? भीतीच्या आधी दुसरंच वाटलं. मेलेल्या माणसाला केंद्र मिळत नाही.

१० जुलै

सांगून टाकलं.

सांगायचं नव्हतं. पण आज पोचूने मी दिलेल्या गोळ्या परत केल्या. म्हणे, प्रफुल्लभाऊले पुसतो आधी. माझ्या तोंडून निघून गेलं: कोणाला पुसता? तो मेला. हिवाळ्यात मेला. त्याला जाळलं.

 मला वाटलं रडतील, घाबरतील, माझ्याकडे वळतील. झिंगूभाऊंनी थोडा वेळ तंबाखू चोळली. मग म्हणाले, मंग पह्यले सांगाचं ना जी. मेला त मेला. आमचे मेलेले कुठी जातेत? घरीच राह्यतेत. त्याले जागा नाई देल्ली आपण, पोरगा उभ्या उभ्या फिरून राह्यला.

संध्याकाळच्या आत सगळं गाव जमलं. त्यांच्या रीतीने जे करायचं ते केलं. रुखमा तान्हीला घेऊन कालच नाल्यापलीकडून आली आहे. तिने स्वतः नवं मडकं आणलं, मेलेल्याला घरात राहायची जागा म्हणून. तांदूळ, मोहफुलं. आणि ते मडकं ठेवलं माझ्या खोलीत, खुंटीखालच्या कोपऱ्यात. हीच त्याची खोली ना, म्हणाले.

काल तो त्यांचा जुना डॉक्टर होता. आज घरचा झाला. माझ्यामुळे. मला तीन आठवडे झाले, मला अजून जेवताना बसायला पाट मिळतो, पाहुण्याचा.

१५ जुलै

नाला भरला. वाट बंद. मोबाइलला इथे आधीच रेंज नव्हती.

रोवणी चालू आहे. दुपारी गावात कोणी नसतं, म्हातारे आणि कोंबड्या सोडून. मीही बांधीत उतरलो, गुडघाभर चिखलात धान लावलं, बायकांना हसवलं. अंगात कणकण आहे म्हणून लवकर परतलो. झिंगूभाऊ ओसरीवर एकटेच बसले होते, समोर पाण्याचा गडवा भरलेला.

कोण आलं होतं? प्रफुल्लभाऊ, आणखी कोण. मग आनंदाने सांगू लागले. तुमच्याबद्दलच पुसत होता जी. का खातेत, किती खातेत. झोप लागते का. कोण्या कुशीवर झोपतेत. मी म्हटलं, तुम्ही काय सांगितलं? सगळं सांगितलं ना. उजव्या कुशीवर झोपतेत, डाव्या कुशीवर झाले का कण्हतेत.

मी कण्हतो? मला माहीत नव्हतं. मी, जो भिंतीपलीकडचा खोकला ओळखतो, त्याला स्वतःचं कण्हणं ऐकू आलं नाही.

तो शेजाऱ्याकडे बसून माझी चौकशी करतोय. फळ्यावर लिहिलं होतं तशी.

१८ जुलै

ताप आहे. मलेरियाची तपासणी केली, नाही निघाला. गोळी घेतली. रोवणीला गेलो नाही.

दुपारी पाऊस थांबला. अंगणात पावलं. कोंबड्या बाजूला झाल्या, तेही ऐकलं. कोणीतरी उंबऱ्यावर बसलं – लाकूड दबलं. पिशवीचं बक्कल खुंटीवर वाजतं तसं वाजलं, पण माझी पिशवी आत होती, हलली नव्हती.

मी कान दिला. आयुष्यभर तेच केलंय. माणूस दाराशी बसला की श्वास ऐकू येतो, कितीही हळू घेतला तरी. पाणी निथळल्याचं ऐकलं. गुडघ्यावर हात ठेवल्याचं ऐकलं. श्वास नव्हता.

आत आला नाही. बसला आणि गेला. मी तर कधी कोणाच्या उंबऱ्यावर बसलो नाही, थेट आत –

किती व्यवस्थित काम करतो. याचाच राग येतो.

१९ जुलै

रुखमा पेज घेऊन आली. मडक्यासमोर थोडी ठेवली, मग मला दिली. आधी त्याला. मग म्हणाली, भाऊ, डाव्या अंगाले खाली पाणी हाये म्हणे तुमच्या छातीत. प्रफुल्लभाऊ म्हणे. सांभाळून राहा.

मी हसलो. अजून त्याने हात लावला नाही आणि निदान झालं? ती म्हणाली, पुसूनच समजते म्हणे अर्धं.

ती गेल्यावर नळी स्वतःच्या छातीला लावली. वर स्वच्छ. उजवीकडे स्वच्छ. डावीकडे खाली –

काही नाही. काहीच ऐकू येत नाही. श्वास जातो तिथे शांत आहे. पाणी साचलं की शांतच असतं. हे मी शंभर लोकांना सांगितलंय.

त्याने माझ्या आधी ओळखलं. माझीच छाती, आणि माझ्या आधी.

२० जुलै

नाला ओसरेल तर दवाखान्यात जाता येईल. झिंगूभाऊ पाहून आले. नाई जी, आज नाई. चार माणसं माझ्याजवळ बसून होती. मी नको म्हटलं, रोवणीचे दिवस आहेत. त्यांनी माझं ऐकलं. का ऐकलं –

बोलताना दम लागतो.

खोटं बोललो तर? कोणीतरी त्याला सांगा की धनराज बरा आहे, फिरतो, जेवतो. झिंगूभाऊंना विनवलं. ते म्हणाले, डाक्तराशी लबाडी करू नाई. तुमीच सांगता ना आमाले.

२१ जुलै

गाव बसलं. माझ्यासाठी. पावसाळा संपायच्या आधीच. मला उचलून झाडाखाली नेलं, पाठीला पोतं लावलं. पोचू म्हाताराही आला, काठी टेकत.

बोलणं झालं त्यांच्या बोलीत. मला फक्त माझं नाव कळत होतं. धनराज, धनराज. प्रफुल्लचं नाव एकदाच आलं. मग झिंगूभाऊ माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, रुखमाले खांद्यावर नेलं तुमी. बांधीत उतरले. तुमी पाहुणे नाई. धनराजभाऊ आमचा.

रडलो. पास झालो. लिहून ठेवतो, गुणवंतरावांना कळावं – गावाने सर्वांसमोर – आमचा म्हटलं –

परत आणल्यावर जेवायला पाट नव्हता. जमिनीवर बसवलं, सगळ्यांबरोबर.

२२ जुलै

जाग आली तेव्हा दुपार. सगळे रोवणीला. कोपऱ्यात दोन मडकी आहेत.

एक त्याचं. दुसरं नवं, ओलं, अजून रिकामं. शेजारी लावून ठेवलंय.

रुखमाने रात्रीच आणलं असेल. मला कोणी विचारलं नाही. घरच्याला विचारतात का –

मला असं नको होतं. केंद्र हवं होतं. खुर्ची. पाटी. मी इतकंच –

कोंबड्या बाजूला झाल्या.

उंबऱ्यावर थांबला नाही. आत आला. जमिनीवर बसला, माझ्या डावीकडे. खुंटीवरून पिशवी काढली. माझीच. नळी माझीच घेतली. गार आहे. पाठीवर, खाली, बरोबर तिथेच जिथे मी –

तो ऐकतोय. मी पण ऐकतो. मला कळू दे काय ऐकू येतं त्याला, मी सांगेन आधी, मला सांगू द्या, माझे कान त्याच्याहून –

आता येतंय ऐकू. पाणी नाही ते. श्वासही नाही, ना त्याचा ना माझा. ते तर